हळदीत उमटलेले ठसे

रोह्याच्या बाजारात जनीला नावाने ओळखणारी माणसं थोडी होती. भाजीवाल्या म्हणायच्या, "ती ठशांच्या साडीवाली." बाई चव्वेचाळीस वर्षांची, उंचीला कमी, हाताचे पंजे मात्र पुरुषासारखे रुंद. नवरा शिवा धाटावला एका कंपनीत शिफ्टला जायचा, मुलगी प्रतिक्षा पेणला कॉलेजात शिकत होती. जनीकडे नेसायच्या अकरा साड्या होत्या आणि अकराच्या अकरा तिनेच छापलेल्या. कोरं पांढरं सुती कापड आणायचं, घरी रंगवायचं, घरच्या मशीनवर काठ जोडायचे. पोलकं, परकर, खिडकीचे पडदे, प्रतिक्षाचे ड्रेस, शिवा सेकंड शिफ्टला घालून जायचा तो बगळ्यांचा शर्ट, सगळं तिच्याच हातचं.

विकायला मात्र तिने कधी एक रुमाल केला नाही. शेजारणी मागायच्या, "आमाला पन दे ना गो एक करून."

"नाय. हे माझ्यापुरतं हाय."

सासू कृष्णाबाईंनी एकदा मागितली तेव्हाही हेच उत्तर. त्या चार महिने फुगून बसल्या. जनीने बसू दिलं.

तिचं माहेर पेणच्या खाली, खाडीकडे. वडील गोविंदा मिठागरात राबायचे आणि लहानपणी तीही त्यांच्याबरोबर उतरायची. उन्हात तापलेल्या खाऱ्या पाण्याने टाचा चिरायच्या, चिरेत मीठ जायचं. मोठी झाल्यावर ती पेणला गणपतीच्या कारखान्यात जाऊ लागली. आधी नुसतं पांढरा हात मारायला, मग पितांबर रंगवायला, शेवटी डोळ्यांच्या आखणीला. आखणीला बसलेल्या माणसाचा हात थरथरून चालत नाही. जनीचा कधी थरथरला नाही.

लग्न होऊन रोह्याला आली त्या वर्षी गोविंदा लेकीकडे आला, तो फडक्यात एक लाकडाचा तुकडा गुंडाळून घेऊन. मीठ ओढायची फळी मोडली होती, तिचाच चार बोटांएवढा तुकडा. त्यावर त्याने कोयत्याच्या टोकाने मिठाच्या तीन राशी कोरल्या होत्या, एकीला लागून एक. म्हणाला, "बटाटे कापून छापतेस असं कलला. बटाटा कुजतो. ह्यो घे. तुझ्या घरात आपलं पन काय तरी असू दे."

जनीचा तो पहिला ठसा. पुढचे चाळीस तिने स्वतः कोरले, छत्रीची तार दगडावर घासून धार काढून. खाडीकाठच्या तिवराचं पान, नांगीवाली चिंबोरी, बगळ्याचं पाऊल, मिठागराच्या बांधांचे चौकोन. वीस वर्षांत एकेचाळीस ठसे झाले आणि बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात राहू लागले. शिवा कामावर गेला की ती जमिनीवर गोधडी अंथरायची, वर कापड ताणून टाचण्या लावायची आणि ठसा रंगात बुडवून दाबायची. दाबताना श्वास रोखायची. गोविंदा वारला त्या वर्षी तिने एक अख्खी साडी नुसत्या त्या तीन राशींनी छापली. तेराव्याला नेसली.

आता सुरभी. शिवाचा थोरला भाऊ सुशील, त्याची ही बायको. पेणला रामवाडीत तिचं बुटिक होतं, काचेचं दार, आत दोन पुतळे. नात्यातल्या लग्नात जनी दिसली की ती चारचौघींत म्हणायची, "काय गं जनी, पडदा नेसून आलीस की काय?" बायका हसायच्या. जनी ऐकून घ्यायची. मोठी जाऊ, काय बोलणार.

दोन वर्षांपूर्वी ग्रामदैवत धावीरच्या पालखीला सुरभी रोह्याला आली, मुक्काम केला. सकाळी दोरीवर वाळत घातलेली साडी तिने हातात धरली ती सोडेचना. फोनवर फोटो काढले. मग चहा पिताना गोड आवाज लावून म्हणाली, "जनी, ते ठसे जरा नेते म्हणते मी बघायला. चार दिवसांत परत देते."

जनी कपबशा उचलू लागली. तिला द्यायचे नव्हते. कृष्णाबाई मध्ये पडल्या, "घरचीच हाय ना ती? दे गो. खानार हाय का काय ती?"

जनीने डबा दिला. देताना एवढंच म्हणाली, "वहिनी, यातला एक माज्या बाबांचा हाय. सांभाळून."

"अगं, हो गं."

चार दिवसांचे तीन महिने झाले. फोन केला की सुरभी म्हणायची, पुढच्या आठवड्यात पाठवते. मग एका संध्याकाळी प्रतिक्षाने पेणहून व्हिडिओ पाठवला. पेणला बायकांचं प्रदर्शन भरलं होतं आणि सुरभीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मागे ओळीने ओढण्या टांगलेल्या, मशीनवर छापलेल्या, झुळझुळीत. त्यांच्यावर तिवराची पानं, चिंबोऱ्या, बगळ्यांची पावलं आणि मोठ्या अक्षरांत पाटी: 'मिठागर'. माईक धरणारीने विचारलं, ही कल्पना कशी सुचली? सुरभी जरा थांबली, डोळे खाली घातले आणि म्हणाली, "लहानपणी वडिलांबरोबर मिठागरात जायचे मी. टाचा चिरायच्या, त्यात मीठ जायचं. ते विसरता येत नाही."

सुरभीचे वडील नागोठण्याला एका पेढीवर कारकून होते. मिठागर तिने एसटीच्या खिडकीतून पाहिलं असेल तेवढंच. टाचांचं ते बोलणं जनीनेच तिला सांगितलं होतं, पालखीच्या त्या रात्री, भाकऱ्या थापता थापता.

जनीने तो व्हिडिओ तीनदा पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती पेणला गेली.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. जनीने ओढण्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "वहिनी, माजा डबा."

"कुठला डबा? अच्छा, ते ठसे." सुरभी कापड मापत होती, तिने टेप गळ्यात टाकली. "अगं, ओढण्या छापणाऱ्या सुरतवाल्याने फोटो काढून घेतले, मग ते नुसते पडून होते. कामवालीने बंबात घातले वाटतं गेल्या महिन्यात. लाकडाचेच तुकडे ना? परत कर की. तुझ्याकडे वेळच वेळ आहे."

जनीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "बाबांचा पन?"

"आता मला काय माहीत त्यातला कोणता कुणाचा होता?" गिऱ्हाइकं बघायला लागली तशी सुरभीने आवाज चढवला. "आणि हे बघ, दुकानात येऊन तमाशा नको. तुझी नक्षी, तुझी नक्षी करतेस, तुझं नाव लिहिलं होतं का त्यांच्यावर?"

एक बाई फिस्सकन हसली. जनी बाहेर पडली. परतीच्या गाडीत गडब कधी गेलं, नागोठणं कधी आलं, तिला कळलं नाही. मांडीवर रिकामी पिशवी होती आणि ती पिशवी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. आत डबा असल्यासारखी.

शिवाने सगळं ऐकून घेतलं. डोकं खाजवलं. "वाईट झाला. पन भाव हाय ना माजा. सोड आता."

जनी रडली नाही. सोडलंही नाही. तिने मशीनवर फडकं टाकलं आणि त्या दिवसापासून छपाईला हात लावला नाही. रात्रंदिवस एकच विचार. आधी वाटलं, दुकानात शिरून त्या ओढण्यांवर ब्लीच ओतावं. मग वाटलं, कात्रीने उभ्या फाडाव्यात. पण ओढण्या दुसऱ्या येतील, आणि गाव म्हणेल जनीला वेड लागलं. चूक सुरभीची आणि वेडी जनी, असं होऊन चालणार नव्हतं. जळलेलं परत मिळायचं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिला परतफेड हवी होती, आणि तीही चारचौघांत, जसा दुकानात चारचौघांत तिचा अपमान झाला होता.

वाट सापडली ती मोरीत. शिवाच्या बनियनवर आमटी सांडली होती. जनीने धुण्याचा सोडा चोळला आणि हळदीचा पिवळा डाग लालभडक झाला. हे तिने हजार वेळा पाहिलं होतं, प्रत्येक बाईने पाहिलेलं असतं. कुंकू तरी कशाचं करतात, हळदीला खार लावूनच ना? पण त्या दिवशी ती बनियन हातात धरून तशीच उकिडवी बसून राहिली. सुरभीच्या मुलीचं, दिशाचं, लग्न मे महिन्यात ठरलं होतं. लग्न म्हणजे हळद.

आणि देवाने दिल्यासारखा आठ दिवसांनी सुरभीचाच फोन आला. दुकानात काहीच झालं नसल्यासारखी बोलत होती. हळदीला सगळ्या बायका पांढऱ्यात हव्यात, हळद उडाली की फोटो छान येतात, असं दिशाचं म्हणणं. "माझ्यासाठी एक साडी कर ना. पांढऱ्यावर पांढरी नक्षी, हाताची. सुरतवाल्याला ते जमत नाही. आणि जनी, मनात काही ठेवू नकोस हं."

"मनात कशाला ठेवू, वहिनी? करते की," जनी म्हणाली. आवाज इतका मऊ निघाला की शिवाने भिंतीआडून डोकावून पाहिलं.

फणसाच्या लाकडाचे तुकडे आणून ती पुन्हा कोरायला बसली. या वेळी नक्षी थोडी आणि अक्षरं जास्त. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. सातवीपर्यंत शिकलेली जनी कागदावर लिहून तो आरशासमोर धरायची आणि आरशातलं पाहून कोरायची. पहिल्या ठशात 'ची'ची वेलांटी चुकीच्या बाजूला गेली, तो तिने चुलीत टाकला. दुसरा जमला. मग भाताच्या पेजेत सोडा कालवून दाट खळ केली आणि उशीच्या जुन्या अभ्र्यावर छापून पाहिली. वाळल्यावर काही म्हणजे काही दिसेना. ओली हळद फासली. फिकट उमटलं. सोडा वाढवला. पुन्हा फिकट. पाचव्या अभ्र्यावर अक्षरं अशी लाल उठली की तिच्याच अंगावर काटा आला. ते अभ्रे तिने जाळून टाकले, शिवालाही दाखवले नाहीत.

साडीवर पांढऱ्या रंगाने तिवराची पानं छापली, दिसायला सुंदर, कुणीही हात फिरवावा अशी. पानांच्या मधल्या कोऱ्या जागेत पेजेचे ठसे. पदरावर एक ओळ, निऱ्यांच्या काठावर दुसरी. छापताना ती श्वास रोखत होती आणि सोडताना एकेक नाव घेत होती, चिंबोरी, बगळा, बांध, बाबा. हात कारखान्यात असायचा तसाच स्थिर.

साडी पोचवायला ती स्वतः गेली. "खळ दिलीय, म्हणून कडक हाय. नेसायच्या आधी धुऊ नका, सगळी मजा जाईल."

सुरभीने पदर खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. "बघ, रुसून बसली होतीस, आणि किती छान केलीस!"

हळद गडबजवळच्या एका लॉनवर होती. फोटोला उजेड हवा म्हणून दुपारी चारलाच सुरुवात. मांडवात दीडशे बायका, सगळ्या पांढऱ्यात, बँजो जोरात. जनी शेवटच्या रांगेतल्या खुर्चीत बसली होती, अंगावर तीच बाबांच्या राशींची साडी. शिवा तिला दोनदा म्हणाला, पुढे चल. ती हलली नाही.

दिशाला हळद लागली. मग बायकांनी एकमेकींना फासायला घेतली. नवऱ्या मुलाची आई रोह्याची, अंगाने भरलेली, मोकळ्या गळ्याची बाई. तिने दोन्ही मुठी हळदीत बुडवल्या, सुरभीला गाठलं आणि पदरावर वरपासून खालपर्यंत हात फिरवले. "साडी कुठून घेतलीत, विहीणबाई?"

"घेतली कुठे? माझीच नक्षी आहे," सुरभी म्हणाली.

ओल्या हळदीचा पट्टा पदरावर पसरला आणि त्याच्या मधोमध काहीतरी तांबूस दिसू लागलं. मग लाल. मग पदरभर. सगळ्यात आधी कृष्णाबाईंनी पाहिलं. त्यांनी तिथेच हात जोडले. "आई गो! कुंकू उठला! हळदीत कुंकू उठला!"

बँजो थांबला. बायका धावल्या. दोघीतिघींनी वाकून पदराला हात लावून कपाळाला लावला. सुरभी क्षणभर गोंधळली, पण तिची जीभ तिच्यापुढे धावायची. "अगं, ते सरप्राइज होतं! आमच्या बुटिकची खास साडी आहे, हळद लागली की डिझाइन येतं," असं म्हणत तिने फोटोवाल्या निकेशला बोलावलं आणि दोन्ही हातांनी पदर त्याच्यापुढे ताणून धरला. आणखी दोन बायकांनी काठाला हळद चोळली, तिथे काय उमटतं ते बघायला.

निकेशने कॅमेरा डोळ्याला लावला, जवळ आला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "मॅडम, ही नक्षी नाही. अक्षरं आहेत." आणि त्याने बिचाऱ्याने सरळपणाने वाचलं. "'नक्षी जनीची.' सगळीकडे तेच आहे. नक्षी जनीची, नक्षी जनीची. खाली काठावर वेगळं आहे. 'ठसे सुरभीने जाळले.'" त्याने मान वर केली. "जनी कोण?"

सुरभीने मान खाली घालून स्वतःच्या निऱ्या वाचल्या. तिच्या ओठांवरचा रंग तेवढा उरला, बाकी चेहरा साडीसारखा पांढरा झाला. ती पळत हात धुण्याच्या जागेकडे गेली, साबण घेऊन पदर चोळू लागली. साबणातही खारच. जिथे चोळलं तिथे उरलेली पिवळी हळदही लाल होत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा पदरावरची अक्षरं वाचता येत नव्हती, कारण साडीच कमरेपासून खांद्यापर्यंत लाल झाली होती, आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत. मांडवातल्या प्रत्येकीच्या हातात फोन होता.

नवऱ्या मुलाची आई ठशांची साडी हेरत शेवटच्या रांगेपर्यंत चालत आली. "तुम्हीच का जनी?"

"व्हय." जनी उभी राहिली. इतक्या बायकांपुढे ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. "एकेचाळीस ठसे होते. वीस वर्सं कोरत होते. एक माज्या बाबांचा होता, ते आता नायत. ह्यांनी बघायला नेले, नक्षी मशीनवर छापली, ठसे बंबात घातले, आनि माज्या टाचांची गोष्ट सोताची म्हनून सांगितली. मी मागायला गेले, तर म्हनाल्या, नाव लिहिलंय का तुजा? म्हनून लिहिलं."

ती खाली बसली. आत, खोलवर, उन्हातून येऊन थंड पाण्यात पाय सोडावेत तसं वाटत होतं. सुरभी समोरून येत होती, लाल हात अंगापासून लांब धरून, आणि तिच्यासाठी वाट करून देणाऱ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, साडीकडे बघत होत्या. जनीने एकदाही नजर वळवली नाही. तिला ते सगळं पाहायचं होतं.

लग्न झालं, ठरल्या दिवशीच. जनी-शिवाला कुणी ये म्हटलं नाही. सुशीलने भावाला फोन करून शिव्या घातल्या आणि बोलणं तोडलं. कृष्णाबाई आठ दिवस जनीच्या हातचं जेवल्या नाहीत. नवव्या दिवशी ताटावर बसल्या आणि पुटपुटल्या, "मीच म्हनलं होतं, दे म्हनून." त्यापुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

दिशा मात्र आली. लग्नानंतर महिन्याने, एकटी, सासर रोह्यातच होतं म्हणून. दारातच उभी राहिली. लहानपणी ती जनीच्या मांडीवर झोपायची. "काकी, आईने चूक केली. पण माझ्या हळदीलाच का?"

जनीने उत्तर तयार ठेवलं नव्हतं, पण खोटंही सांगितलं नाही. "सगळे एका जागी बगतील असा दुसरा दिवस मला गावला नसता, बाय."

"माझा दिवस होता तो."

"व्हय. तुजाच होता."

दिशा पाणी न पिता गेली. त्या संध्याकाळी जनीने जेवण केलं नाही. एवढ्या सगळ्या प्रकरणात तिला लागलं ते एवढंच. तरी शिवाने विचारलं, "पुन्ना तशीच वेळ आली तर करशील काय?" तेव्हा ती म्हणाली, "करीन."

पेणमध्ये मिठागराच्या ओढण्या दुकानातून गुपचूप उतरल्या. बक्षीस देणाऱ्या बायकांनी फलक परत मागितला. एक दोन जणी रोह्यापर्यंत जनीला शोधत आल्या, आम्हाला करून द्या म्हणून. तिने त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. ती पुन्हा छापायला बसली होती, पण स्वतःपुरतं. चिंबोरी जमली, बगळाही जमला. तीन राशी तिने कोरायला घेतल्या नाहीत. तिला त्या बाबांसारख्या वाकड्या कोरता आल्या नसत्या.

नवी साडी पुरी झाली की ती नेसते आणि पेणची गाडी पकडते. पेणला तिचं काही काम नसतं. रामवाडीला उतरते, काचेच्या दारासमोरून सावकाश चालत जाते, कोपऱ्यावर वळते आणि पुन्हा तेवढ्याच सावकाश परत येते. सुरभी आत असली तर मान खाली घालून मापं घेत राहते. एकदा तिने शटर अर्धं खाली ओढलं होतं.

आत्तापर्यंत पाच फेऱ्या झाल्या. शिवा परवा वैतागून म्हणाला, "अजून किती दिस जानार हायस?"

जनी नव्या साडीच्या काठाला टाचण्या लावत होती. "माजा मन भरला की सांगेन," ती म्हणाली, आणि पुढची टाचणी तिने तोंडातून काढली.